दावीद मास्तरांच्या दगडाची वारसनोंद

माणूस देवाच्या इच्छेने मरतो. कागदावरून त्याचं नाव मात्र अर्जाशिवाय उतरत नाही.

केडगावचे निवृत्त विज्ञानशिक्षक दावीद मकासरे एका सोमवारी पहाटे गेले. आदल्या दिवशी, रविवारी, सगळं नियमाप्रमाणे झालं होतं : चर्च, मटण, झोप. दिवेलागणीला त्यांनी गच्चीवरून लेकीला, रिबेकाला, हाक मारली. ती शिरूरहून सुट्टीला आली होती. मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मंगळ आणि गुरूच्या मधल्या एका खडकाळ लघुग्रहाला 'मकासरे' हे नाव मिळवून दिलं होतं. तो मास्तरांच्या दुर्बिणीतून दिसत नसे. "दिसत न्हाई, पण हाय," मास्तर सांगत. (देवाबद्दलही त्यांचं हेच मत होतं.)

महिन्याभराने वारसनोंदीच्या अर्जात 'मयताच्या नावे असलेली मिळकत' या रकान्यात रिबेकाने घर लिहिलं. अर्धवट उत्तर तिला देववत नसे, म्हणून खाली लिहिलं : दगड, नग एक.

तलाठी भाऊसाहेब कर्तव्यदक्ष होते. (शिवाय खाडाखोड केलेला अर्ज चालत नाही.) त्यांनी रीतसर नोंद घेतली :

चतुःसीमा : आत मंगळ, बाहेर गुरू. उरलेल्या दोन बाजू निरंक.
पीक : निरंक.
पोटखराबा (लागवडीस अयोग्य) : संपूर्ण.
वहिवाट : सूर्याभोवती, फेरीस साडेपाच वर्षं.

हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागली. ती वाचणाऱ्यांपैकी एक्क्याण्णव टक्के लोकांनी खडी किती ब्रास निघेल, एवढंच विचारलं. चौदाव्या दिवशी रिबेकाच्या चुलतभावाने, ख्रिस्तोफरने, हरकत घेतली : आडनाव एकच, सबब दगड वडिलोपार्जित. दगडाचं वय साडेचारशे कोटी वर्षं असल्याने मुद्दा बिनतोड होता.

सुनावणीत ख्रिस्तोफर म्हणाला, "रिबे, तू ऱ्हातीस शिरूरला. तुला काय करायचाय त्यो? मी निदान हितं हाय."

"म्हंजी दगड तुम्हाला जवळ पडतो," भाऊसाहेबांनी लिहून घेतलं. मग ते रिबेकाकडे वळले. "ताई, तुमचा ताबा हाय का? निदान कवा बघितलाय?"

अंत्यविधीलाही जे तिच्या तोंडून निघालं नव्हतं, ते इथे निघालं.

"नाही. पप्पांनी हाक मारली होती, तो कुठल्या बाजूला आहे ते दाखवायला. मी पुस्तकातून मान वर केली नाही. मीच म्हणाले, दगडच तर आहे. उद्या दाखवा."

ख्रिस्तोफरने हरकत मागे घेतली. भाऊसाहेबांनी शेवटचा रकाना भरला : 'ताबा : उद्या.'

वाचकांपैकी कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. (घरातून कोणी हाक मारत असताना जे हे वाचत बसले आहेत, त्यांनी आधी उठून जाऊन यावं.)