भैयालाल, फोन उचलू नको!

घरी बसून ऑफिसातला कॉम्प्युटर चालवणारा जबलपुरातला पहिला माणूस कोण, असं कोणी विचारलं तर भाऊराव रामटेके ताबडतोब स्वतःच्या छातीवर हात ठेवतात. विचारलं नाही तरी ठेवतात! परवा, जयंतीच्या दिवशी सकाळीच, त्यांची मुलगी बेबी पुण्याहून रांझीच्या घरी आली, आणि चहा संपायच्या आत लॅपटॉप उघडून पुण्याच्या ऑफिसात शिरलीसुद्धा. भाऊराव चष्मा सावरत मागे उभे.

"लागला?"

"हो पप्पा, लागला."

"पण आवाज कुठं आला?"

"आवाज? कैसा आवाज?"

"हात्! आवाजाबिगर काय लागते का?" भाऊरावांनी खुर्ची ओढली. "मी लावत होतो तवा अख्ख्या गल्लीले कळत होतं!"

"अन् ऑफिसातल्या भैयालाललेबी कळत होतं," आतून कुंदाताई म्हणाल्या. "सांगा, सांगा. पूर्ण सांगा, तिले काय आठवते आता!"

पूर्ण सांगायचं तर दोन हजार एक सालात जावं लागेल. बेबी तेव्हा चौथीत होती. भाऊराव ओमतीच्या एका सरकारी कचेरीत मोठे बाबू होते, आणि त्यांच्या संसाराला एकच शाप होता: वार्षिक तक्ता! मार्च संपला की मंडला, सिवनी, नरसिंहपूर अशा ठिकठिकाणच्या कचेऱ्यांतून आकडे यायचे आणि त्यांचा एक लांबलचक तक्ता बनून पंधरा एप्रिलला भोपाळला पोचायचा. सगळे आकडे वेळेवर यायचे. मंडल्याचा सोडून! मंडल्याचा आकडा यायचा नेमका चौदा तारखेला. आणि चौदा तारखेला असते बाबासाहेबांची जयंती.

त्यामुळे लग्न झाल्यापासून कुंदाताईंनी नवऱ्याबरोबर जयंतीचा एकही जुलूस पाहिला नव्हता. गल्लीतल्या बाया नवऱ्यांसोबत नटूनथटून जायच्या. कुंदाताई पोरीचा हात धरून एकट्या. त्या वर्षी त्यांनी पांढऱ्या साडीला इस्त्री करता करता शांतपणे सांगून टाकलं, "या वर्षी नाही आले, तं पुढच्या वर्षीपासून मी विचारणारच नाही."

कुंदाताई रागावल्या असत्या तर भाऊरावांनी निभावून नेलं असतं. शांतपणाला ते फार घाबरत.

पण त्या वर्षी भाऊरावांकडे हुकमाचा पत्ता होता. कुंदाताईंचा भाऊ विष्णू चेरीतालला कॉम्प्युटर क्लास चालवायचा. त्यानं एक जुना कॉम्प्युटर रांझीच्या घरात आणून बसवला, दोन्हीकडे मोडेम नावाची डबी लावली, आणि बडे साहेबांनीही "देख लो करके" म्हणून परवानगी दिली. घरच्या कॉम्प्युटरनं फोनच्या तारेवरून ऑफिसात फोन लावायचा, पाच घंट्या झाल्या की तिथल्या कॉम्प्युटरनं तो आपणहून घ्यायचा, आणि मग तिकडचा पडदा इकडे!

"आता ऑफिस माझ्या घरी येणार!" भाऊरावांनी गल्लीत जाहीर केलं. "मंडल्याचा आकडा इथूनच टाकतो, इथूनच छापतो. बडे साहेब चार वाजता स्टेशनले जाता जाता ऑफिसातून कागद उचलतील. अन् मी तीन वाजता तुमच्यासंग टेम्पोत!"

चौदाची सकाळ. बुद्धवंदना झाली, खीर-पुरी झाली, भाऊराव पांढरा शर्ट आणि गळ्यात निळा दुपट्टा घालून कॉम्प्युटरसमोर बसले. दीड वाजता मंडल्याच्या बाबूंचा फोन आला, आकडा मिळाला! भाऊरावांनी बटण दाबलं. पलीकडे घंटी वाजू लागली. घरातले सगळे श्वास रोखून. त्यात शेजारच्या मालनबाईही होत्या. गल्लीत फोन एकच, तो भाऊरावांकडे, आणि मालनबाईंचा मुलगा नागपूरहून जयंतीचा फोन करणार होता. म्हणून त्या सकाळपासूनच फोनजवळ ठाण मांडून होत्या.

पहिली घंटी पुरी होते न होते तोच डबीतून आवाज आला, "हलो! कौन?"

"पप्पा, कॉम्प्युटर बोला!" बेबी किंचाळली.

कॉम्प्युटर नव्हे, तो भैयालाल होता! कचेरीचा चौकीदार. एकदा फोन उचलायला उशीर झाला म्हणून बडे साहेबांनी त्याला असं झापलं होतं, की तेव्हापासून तो जेवतानाही डावा हात फोनवर ठेवायचा. घंटी वाजली की उचलला!

"हलो! अरे बोलते क्यों नहीं? हलो!"

"भैयालाल, ठेव! रख दे!" भाऊराव डबीवर ओरडले. पण डबीला तोंड होतं, कान नव्हते. भैयालालला तिकडे काहीच ऐकू गेलं नाही. थोडा वेळ हलो-हलो करून त्यानं फोन ठेवला.

मग भाऊरावांनी साधा फोन लावून त्याला समजावलं, "भैयालाल, घंटी बजे तो उठाना मत. वो कॉम्प्युटर खुद उठाएगा."

"कॉम्प्युटर उठाएगा?" भैयालाल हसला. जयंतीच्या दिवशी बाबूजी गंमत करतायत, असं त्याला वाटलं असावं. "और बडे साहब का फोन हुआ तो?"

प्रश्न बरोबर होता. भाऊरावांनी डोकं चालवलं. "ऐसा कर. दो घंटी बजके कट जाए, तो समझना अगला फोन मेरा है. उसको छूना मत."

"दो घंटी, कट, फिर छूना मत. जी बाबूजी."

"झालं का जी, भाऊ?" मालनबाई म्हणाल्या. "माझा पोरगा फोन लावून राहिला असंन."

"झालंच, मालनबाई!"

दोन घंट्या दिल्या, फोन कापला, बटण दाबलं. एक, दोन, तीन, चार, पाच! आणि तो आवाज सुरू झाला. आजच्या पोरांना तो आवाज कसा सांगावा! आधी पींऽऽ, मग क्रींऽऽ, मग भांडी घासताना जाळीनं तवा खरवडल्यासारखं खर्रर्र! भाऊरावांचे डोळे आनंदानं चमकले. लागला, लागला...

आणि अचानक शांतता. पडद्यावर पाटी: संबंध तुटला.

दुसऱ्याच मिनिटाला फोन वाजला. मालनबाई झडप घालून म्हणाल्या, "हलो, बाळा!"

बाळ नव्हता, भैयालाल होता. भाऊरावांनी फोन हातात घेतला. "बाबूजी, घर में सब ठीक तो है न?"

"काहून? क्या हुआ?"

"घंटी अपने आप बंद हो गई, तो हमने सोचा बाबूजी का फोन कट गया. उठाके देखा तो कोई ऐसा चीख रहा था... ऐसा चीख रहा था... भाभीजी ठीक हैं?"

भाऊरावांनी कपाळावर हात मारला. घड्याळात दोन वाजून गेले होते. कुंदाताई गजरा माळत होत्या. तो गजरा बघून भाऊरावांनी आयुष्यातला सर्वांत कडक हुकूम सोडला.

"भैयालाल, आज फोन को हाथ ही नहीं लगाना! किसी का भी आए. प्रधानमंत्री का आए तो भी! बाहर बरामदे में जाके बैठ!"

"जी बाबूजी," भैयालाल म्हणाला. तसंही त्यानं जुलूसातल्या लोकांसाठी बरामद्यात पाण्याचे माठ भरून ठेवलेच होते.

तिसऱ्यांदा बटण दाबलं. पींऽऽ, क्रींऽऽ, खर्रर्र... आणि ऑफिस आलं! ओमतीचं ऑफिस रांझीत आलं! तोच निळा पडदा, तोच तक्ता. भाऊरावांनी बाण हलवला की तिकडचा बाण हलायचा. हळू, अगदी दमेकऱ्यासारखा, पण हलायचा! बेबी टाळ्या वाजवू लागली. मालनबाईंनी पडद्याला हात जोडले. आणि कुंदाताई, हे खरं महत्त्वाचं, नवऱ्याच्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अवो, खरंच तुमचं ऑफिस हाय का हे?"

भाऊरावांना वाटलं, जन्माचं सार्थक झालं. त्यांनी मंडल्याचा आकडा टाकला. खालच्या बेरजा आपोआप बदलल्या. बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला. भाऊरावांनी तक्ता जपून ठेवला आणि ऐटीत, बोट उंच नेऊन, छपाईचं बटण दाबलं.

भैयालालला त्यांनी फोनबद्दल सगळं सांगितलं होतं. प्रिंटरबद्दल एक शब्द नाही!

मिनिटभरात पडदा गोठला. पाटी: संबंध तुटला.

भाऊरावांनी घाईघाईनं साधा फोन लावला. वाजला. वाजला. वाजतच राहिला. भैयालाल फार आज्ञाधारक माणूस! ज्या दिवशी त्यानं फोन उचलावा म्हणून भाऊराव देव आठवायच्या बेतात आले, त्याच दिवशी तो फोनकडे ढुंकून बघत नव्हता.

"कुंदा, तुम्ही व्हा पुढं. मी आलोच स्कूटरनं."

कुंदाताई बेबीचा हात धरून टेम्पोत जाऊन बसल्या. दरवर्षीसारख्याच.

भाऊरावांनी स्कूटर अशी हाणली की निळा दुपट्टा मागे झेंड्यासारखा फडफडत होता. वाटेत दोघातिघांनी "जय भीम!" म्हणून हात उंचावला, पण यांनी हँडलवरचा हात सोडला असता तर खड्ड्यात गेले असते. कचेरीत पोचले, तर भैयालाल माठाजवळ उभा, चेहऱ्यावर कर्तव्य बजावल्याचं तेज.

"बाबूजी, एक बार भी हाथ नहीं लगाया! बहुत बजा, बजता ही रहा, मजाल है जो देखा भी हो!"

"अरे पण कॉम्प्युटर काहून बंद झाला?"

"वो तो हमने मेन स्विच गिरा दिया," भैयालाल आवाज खाली आणून म्हणाला. "कमरे में कोई नहीं, और वो छापने वाली मशीन अपने आप कर्र-कर्र कागज उगल रही थी! आग-वाग लग जाती तो? बाबूजी, बचा लिया आपका ऑफिस!"

भाऊरावांनी मेन स्विच वर केला, कॉम्प्युटर सुरू केला आणि तक्ता छापायला लावला. प्रिंटर एक ओळ करायचा आणि दम खायचा. बाहेर लांबून ढोल ऐकू येऊ लागले. दर ओळीगणिक ढोल जवळ येत होते, आणि भाऊराव कागदाच्या कडा धरून उभे होते, जणू ओढल्यानं तो लवकर निघणार होता. इतक्या वर्षांत त्यांना स्वतःची एवढी कीव कधी आली नव्हती. याच खिडकीतून ते दरवर्षी ढोल ऐकायचे.

शेवटचं पान निघालं आणि बडे साहेबांची जीप फाटकात शिरली. भाऊराव धावत गेले. "सर, तक्ता! मंडल्यासकट!"

बडे साहेबांनी कागद हातात घेतले, त्यांच्याकडे पाहिलं, दुपट्ट्याकडे पाहिलं. "अरे रामटेकेजी! आप यहाँ क्या कर रहे हैं? दोपहर में भोपाल से फोन आया था. तारीख बढ गई, महीने के आखिर तक. हमारा जाना भी कैंसल. यही बताने के लिए आपके घर फोन लगा रहे हैं कब से, तो एंगेज! यहाँ लगाया, तो कोई उठाता ही नहीं! इसलिए खुद देखने चले आए."

भैयालालनं मान ताठ केली. शाबासकीची वाट बघत होता!

भाऊराव मटकन पायरीवर बसले. त्याच वेळी जुलूस कोपऱ्यावरून वळला. ढोल, निळे झेंडे, पांढऱ्या साड्या. आणि त्यात रांझीच्या बायांच्या मधोमध कुंदाताई आणि बेबी. पाणी प्यायला त्या बरामद्यापाशी आल्या आणि पायरीवर नवरा! भाऊराव उठून उभे राहिले.

कुंदाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग भैयालालकडे, मग त्या लांबलचक तक्त्याकडे. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, भर रस्त्यात, खो-खो हसल्या.

"घरून ऑफिस नाही जमलं ना? आता ऑफिसातून घर सांभाळा!" म्हणत त्यांनी पाण्याची बाटली, पिशवी आणि पायाला फोड आलेल्या बेबीच्या चपला भाऊरावांच्या हातात कोंबल्या.

भाऊराव चालले. दोन्ही हात भरलेले, खांद्यावर बेबी. ढोलांच्या मागे, बायकोच्या बाजूनं. आजही सांगताना ते इथे उगाच चष्मा पुसतात.

"मग पप्पा, त्या भैयालाल अंकलचं काय झालं?" बेबीनं विचारलं. भाऊराव काही म्हणायच्या आत त्यांचा मोबाइल वाजला. दोन घंट्या, आणि बंद.

बेबीनं पाहिलं, तर आईपप्पा दोघंही गालात हसत होते. मोबाइल पुन्हा वाजू लागला. दोघंही हलेनात.

"अरे, उठाओ ना कोई!"

"हात नको लावू!" भाऊराव म्हणाले. "रिटायर होऊन गावी गेला तवापासून दर जयंतीले येते हा फोन. उचलाचा नाही. तसं ठरलं हाय आमचं."

पण बेबी पुण्याची झालेली! वाजता फोन तिला बघवेना. तिनं उचललाच. "हलो! कौन?"

पलीकडे भैयालाल गोंधळला. हे त्याच्या हिशेबात नव्हतं. मग एक म्हातारा घसा खाकरला आणि पूर्ण ताकदीनिशी सुरू झाला.

"पींऽऽऽ! क्रींऽऽऽ! खर्रर्रर्र!"

"घे!" भाऊराव खुर्चीतून उठत ओरडले. "आता लागला!"