विजयाकाकूंच्या पुंगळ्या

आमच्या शेजारच्या विजयाकाकू बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्यांच्या तोंडात दातांच्या डॉक्टरचा आरसा घालून बघतात. "हिची हिरडी एका बाजूला जाड आहे," असं पुटपुटतात आणि ती पुंगळी बाद करतात.

काकू मूळच्या नागपूरच्या, डेंटिस्ट. टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये आयुष्यभर लोकांचे दात पाहिले. रिटायर झाल्यावर अर्ल नावाच्या एका जुन्या पेशंटनं त्यांना शूटिंग रेंजवर नेलं. टेबलावर रायफल टेकवायची आणि लांबच्या कागदावर पाच गोळ्या मारायच्या. पाचही एकाच भोकातून गेल्या तर उत्तम. काकूंना हे फारच पटलं.

"आपलंच काम आहे रे," त्या मला म्हणाल्या. "बारीक भोक पाडायचं. शिवाय समोरचा ओरडत नाही."

एरवी घरात शिरलेली पालसुद्धा त्या झाडूवर घेऊन अलगद अंगणात सोडतात. शिकारीच्या गप्पा निघाल्या की उठून जातात.

रिकाम्या पुंगळीत बंदुकीची दारू आणि गोळी त्या घरीच भरतात; पण गोळीपेक्षा त्यांचा जीव पुंगळीत. पुंगळ्यांचा नवा डबा आला की डायनिंग टेबलवर पांढरा पंचा पसरायचा आणि एकेकीचं वजन, मानेच्या पितळेची जाडी मोजत बसायचं. सारख्या निघाल्या त्यांचा एक गट. "पत्रिका जुळली तरी एकदा उडवून बघावी लागते," त्या सांगायच्या. "उडवली की ती आपल्या रायफलीच्या मापाची होते. मग माहेरचं काही उरत नाही." हीच नजर त्या सगळीकडे लावत. गणपतीत माझ्या बायकोचा मोदक बोटांत फिरवून म्हणाल्या, "पारी एका बाजूला जाड आहे." बायको दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

त्यांचा मुलगा निखिल तिकडे व्हर्जिनियात, हर्नडनला असतो. त्याची मुलगी रिया यंदा किंडरगार्टनला जायला लागली. शाळेत बंदूकवाला शिरला तर काय करायचं, याची ड्रिल झाली. दिवे बंद करायचे आणि कोपऱ्यात गप्प बसायचं. त्या दिवशी घरी येऊन ती कपाटात लपून बसली.

निखिलचा फोन आला तेव्हा मी काकूंकडे चहाला होतो. फोन स्पीकरवर होता.

"आई, आय नो, तू फक्त पेपरवर मारतेस. पण घरात गन असेल तर मी रियाला नाही आणू शकत."

मला वाटलं, काकू आता तिजोरी, कुलूप, सगळं समजावतील. त्या म्हणाल्या, "बरं."

दुसऱ्याच दिवशी रायफल, बंदुकीची दारू, पुंगळ्यांचे डबे माझ्या गाडीत भरून आम्ही अर्लच्या रँचवर नेऊन ठेवले. परत येताना मी म्हटलं, "काकू, पुंगळ्या तरी ठेवायच्या. रिकाम्याच तर आहेत."

"तिनं विचारलं असतं, आजी हे काय? मग मला सांगावं लागलं असतं."

उन्हाळ्याच्या सुट्टीत रिया आली. नेमकी त्याच आठवड्यात शनिवारी नेमबाजीची मोठी मॅच होती. काकू कितीतरी दिवस रँचवर जाऊन मॅचची तयारी करत होत्या. शनिवारी सकाळी अर्लचा मला फोन आला, "त्या मॅचला पोचल्या नाहीत. फोनही उचलत नाहीत." मी घाबरून शेजारी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं.

काकू सोफ्यावर बसल्या होत्या. रिया त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. मला बघून काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

"पाय पार बधिर झालाय," त्या कुजबुजल्या. "पण हलले तर उठेल ना."

मी दार हळूच ओढून घेतलं आणि अंगणात येऊन अर्लला सांगितलं, काकू आज कामात आहेत.