धोंडिरामाचा फुगा

‘धावता धोंडिराम’ या चित्रपटाच्या नायकाने तीन शब्द बोलावेत की तीन पाने, या प्रश्नावर अंधेरीच्या एका स्टुडिओत चित्रीकरण बंद पडले, तेव्हा आमच्या मरोळच्या चाळीत कुणाला आश्चर्य वाटले नाही. आमच्याकडे पाणी बंद पडते, लिफ्ट नाही म्हणून तेवढी बंद पडत नाही, आणि गिरण्या बंद पडून तेव्हा दोन वर्षे होत आली होती. सिनेमानेच काय घोडे मारले होते?

धोंडिराम घाडी हा मूळचा आमच्याच चाळीतला. गिरणीत साचे चालवायचा. हाफ पॅन्ट, खांद्यावर पंचा. कुणाची बाई बाळंतपणात अडो, कुणाचा स्टो भडको, हा माणूस धावत यायचा आणि म्हणायचा, “मी आहे ना.” पुढे चकार शब्द नाही, थेट कामाला लागायचा. तो गेल्यावर त्याच्या मुलाने, दशरथने, त्यालाच नायक करून मुलांच्या एका साप्ताहिकात चित्रकथा सुरू केली. चित्रातला धोंडिराम पडता पूल धरून ठेवायचा, विमान झेलायचा, पण बोलायचा तेवढेच. डोक्यावर पांढरा फुगा आणि फुग्यात तीन शब्द. पोरांना नुसते वेड लागले.

बादल्यांचा कारखाना असलेल्या बाळाशेठनी चित्रपटाचे हक्क घेतले, तेव्हा दशरथने एकच अट घातली. “माझ्या आईला पडद्यावर बाबा धावत येताना दिसले पाहिजेत.” सरूबाईंकडे नवऱ्याचा एक फोटोसुद्धा नव्हता. त्या माणसाला फोटोसाठी उभे राहायला फुरसत कुठे होती?

“दिसणार ना,” बाळाशेठ म्हणाले. “भिंतीएवढे दिसणार.”

नायक म्हणून चंद्रहास आला. घरी तो चंदू. एका वेळी पाच चित्रपटांत काम करत असल्यामुळे पाचही ठिकाणी तो एकाच मिशीत यायचा. दिग्दर्शक सहदेव नाबर यांना जागतिक चित्रपटाची सखोल जाण होती, आणि ती त्यांनी एकदाही अंधेरीच्या पुढे न जाता मिळवली होती.

पहिल्याच दिवशी चंद्रहासने संवाद वाचले. वाचायला वेळ लागला नाही.

“तीन शब्द? सहदेवजी, लोक माझ्या आवाजावर मरतात. इथे मला तीन पानांचं भाषण पाहिजे. आई, माती, गरिबी, सगळं आलं पाहिजे त्यात.”

“मूळ कलाकृतीत फुगा एवढाच आहे,” सहदेव म्हणाले. “फुग्यात मावेल तेवढंच बोलायचं.”

“मग फुगाच घ्या ना यार, मला कशाला घेतलंत?”

हे वाक्य पुढे ऐतिहासिक ठरणार होते, पण त्या दिवशी चंद्रहास फक्त रुसून गाडीत जाऊन बसला.

आठवडाभराने बाळाशेठनी तोडगा काढला. पुठ्ठ्याचा खराखुरा फुगा करायचा आणि नायकाच्या डोक्यावर टांगायचा. दिग्दर्शकाची कलाकृती शाबूत, आणि फुगा खलनायकाच्या फुग्यापेक्षा दुप्पट ठेवला की नायकाचा मान शाबूत. अक्षरे दशरथकडूनच काढून घेतली. त्याने ती जीव ओतून काढली.

मग फुगा धरायचा कुणी, हा प्रश्न आला. पुठ्ठा आहे म्हणून कलाविभागाने हक्क सांगितला. वरून टांगायचा म्हणून दिवेवाल्यांनी सांगितला. ध्वनिविभाग म्हणाला, संवाद हे आमचे खाते, तो आवाज करत नाही हा आमचा दोष नाही. युनियनच्या संयुक्त बैठकीत ठरले, की तिन्ही खात्यांचा एकेक माणूस फुगा धरील आणि चौथा तो सरळ आहे की नाही ते पाहील. चौथा माणूस बाळाशेठचा मेहुणा होता, हा निव्वळ योगायोग.

फुगा आला तर चंद्रहासचे केस झाकले जायला लागले. फुगा वर घेतला तर तो चौकटीबाहेर जाई. कॅमेरा मागे नेला तर चंद्रहास बुटका दिसे. “एक तर केस, नाहीतर फुगा,” असे सहदेवनी निक्षून सांगितल्यावर चंद्रहासने केस घेतले आणि तो सांताक्रूझला दुसऱ्या शूटिंगला निघून गेला. जाता जाता म्हणाला, “माझा संवाद आहे ना तिथे? उरकून घ्या.”

सहदेवनी फुग्यावर शॉट घेतला. नुसत्या फुग्यावर. आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. इतक्या वर्षांत एकही नट सांगितलेल्या जागी इतका स्थिर उभा राहिला नव्हता. त्या दिवसापासून चंद्रहास येईनासा झाला आणि काम भराभर व्हायला लागले. फुग्याने पूल सावरला, फुग्याने नायिकेला नदीतून काढले. खलनायक फुग्याचा मार खाऊन तीनदा पडला. ‘नायक आणि दिग्दर्शक यांच्यातील कलाविषयक मतभेद पूर्णपणे मिटले आहेत’ असे पत्रक बाळाशेठनी काढले, आणि ते खोटे नव्हते.

दशरथ स्टुडिओत जाऊन भांडला. “शेठ, ह्या फुग्याखाली माझा बाप होता. तो धावत यायचा, म्हणून त्या शब्दांना किंमत होती.”

“शब्द तुझेच आहेत ना? अक्षर पण तुझंच. झकास आलंय.”

“मग मी धावतो. हाफ पॅन्ट घालून धावतो, चेहरा दाखवू नका. पण खाली कुणीतरी पाहिजे.”

आणि धावला तो. पंचा खांद्यावर टाकून बापासारखाच धावला, आमच्या चाळीतले चारजण बघायला गेले होते, त्यांनी ‘धोंडिराम’ म्हणून हाक मारली. दृश्य कापले गेले. चंद्रहासच्या वकिलाने कळवले होते, की आमच्या अशिलाच्या फुग्याखाली परक्या इसमाने उभे राहणे ही तोतयेगिरी आहे.

पहिल्या खेळाला सरूबाई नवे लुगडे नेसून आल्या. पडद्यावर आग लागली, माणसे ओरडली आणि फुगा सरकत आला. सगळ्या थेटराने एका सुरात वाचले, “मी आहे ना.” शिट्ट्या, टाळ्या, पैसे उधळले लोकांनी. सरूबाई उभ्या राहिल्या.

“दशरथा, फुगो दिसलो माका,” त्या म्हणाल्या. “पण हे खंय आसत?”

मागून कुणीतरी म्हणाले, “आजी, खाली बसा. फुगा दिसत नाही.”

दशरथने आईचा हात धरून तिला खाली बसवले.

चित्रपट तुफान चालला. पुढे महापालिकेची निवडणूक आली, चंद्रहास आमच्या वॉर्डातून उभा राहिला, म्हणजे फुगा उभा राहिला. चंद्रहासला तारखा नव्हत्या. जीपवर फुगा बांधून गल्लोगल्ली फिरवला. त्याने एकही खोटे आश्वासन दिले नाही, कारण त्याच्यावर जागाच नव्हती. प्रचंड मतांनी आला.

यंदा उन्हाळ्यात नळ आटले तेव्हा आम्ही सगळे रिकामे हंडे घेऊन नगरसेवकांच्या कार्यालयावर गेलो. खुर्ची रिकामी होती. वर फुगा टांगलेला होता आणि शेजारी बाळाशेठचा मेहुणा बसला होता.

“साहेब कुठे आहेत?” आम्ही विचारले.

“वर लिहिलंय,” तो म्हणाला. “वाचा.”

आम्ही वाचले. सवयीने मोठ्याने वाचले, एका सुरात. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. बऱ्यापैकी समाधान झाले आणि मंडळी हंडे उचलून परत फिरायला लागली.

सरूबाई तेवढ्या हलल्या नाहीत. हंडा कमरेवर तसाच ठेवून त्या खुर्चीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “पण खाली कोण आसा?”

तेव्हा मागून कुणीतरी परत म्हणाले, “आजी, बाजूला व्हा. दिसत नाही.” थेटरात बोलला होता तोच आवाज. मी वळून पाहिले. तुम्हीच होतात, आणि तुमचाही हंडा रिकामाच होता.