उल्केची चांदमारी

निवडणूक जाहीर झाली तेव्हा खारेवाडीच्या पोलीस ठाण्यात हत्यारं जमा करणाऱ्यांच्या रांगेत, बाबली गावसच्या मागे, एका विज्ञान कादंबरीतली रॉकेट बंदूक उभी होती. नळीखालच्या दोन पायांवर टकटक करत ती वाचनालयातून एकटीच आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तालुक्यातल्या सर्व बंदुका जमा कराव्यात असं फलकावर लिहिलं होतं, आणि कादंबरीची उरलेली एकुलती एक प्रत तालुक्यातच होती.

बाबलीच्या खांद्यावर त्याची ठासणीची बंदूक होती. माडांवरची माकडं हाकायला ती त्याच्या आज्यापासून घरात आहे. त्यानं मागे वळून पाहिलं.

"गे बाय, तुझो परवानो खंय आसा?"

"मजपाशी परवाना नाही," बंदूक म्हणाली. ती पुस्तकातल्यासारखंच बोलत असे. "मी काल्पनिक आहे."

"मगे काय नाय. सरकारात ता चलता," बाबली म्हणाला आणि पुढे सरकला.

तिचं नाव उल्का. तिला जमा करून घेताना कुणी एक प्रश्नही विचारला नाही. सरकारी कपाटात वस्तू जाताना कधीच अडत नाही. अडते ती बाहेर येताना. निकाल लागले, गुलाल धुतला गेला, बाबलीसकट सगळे आपापल्या बंदुका घेऊन घरी गेले. उल्का मात्र कपाटात राहिली आणि कादंबरीच्या लेखिका, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या तेंडोलकर बाई, पुस्तक छातीशी धरून ठाण्यात आल्या.

निरीक्षक घोगळे मॅडमनी त्यांना खुर्ची दिली.

"बाई, यात अवघड काही नाही. मी हिची नोंद खेळणं म्हणून करते. खेळण्याला परवाना लागत नाही. सही करा, घेऊन जा."

"आणि ती खेळणं म्हणून पुस्तकात परत गेली, तर माझ्या नायिकेच्या, मघाच्या, हातात काय असेल?"

घोगळे मॅडम शिस्तीच्या होत्या, पण मठ्ठ नव्हत्या. "खेळणं," त्या म्हणाल्या.

बाईंनी टेबलावर पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. चंद्रावरच्या चौकीची पहारेकरीण मघा दरीच्या काठावर उभी होती. तिचा उजवा हात बंदूक धरल्यासारखा वळलेला होता, आणि त्यात काहीच नव्हतं. समोरून तिचा पोलादी अंगाचा शत्रू, लोहकाय, येत होता. मघाच्या पाठीमागे, चौकीत, माणसं झोपली होती.

"मी लिहिलं तेव्हा हा दरीच्या पलीकडच्या कडेला होता," बाई म्हणाल्या. "तुम्ही बंदूक जमा करून घेतलीत आणि हा चालायला लागला. काल त्या काळ्या दगडापाशी होता. आज बघा, दगड मागे पडलाय."

मॅडमनी वाचून पाहिलं. दगड खरोखरच मागे पडला होता.

"मग हत्यार म्हणून नोंद करावी लागेल. विनापरवाना हत्यार आम्ही वितळवतो. परवाना हवा असेल तर चाचणी. एक जुनी बंदूक, एक आमची रायफल, आणि ही. तिघींची तुलना होईल. वरिष्ठांकडून तारीख मागवते."

"तारीख येईपर्यंत तो मघाच्या अंगावर आलेला असेल!"

"आला तर आला. तोवर बंदूक पोचली की झाडेल ना ती? जवळून तर नेम चुकायचाही नाही."

तेंडोलकर बाईंचा आवाज चढला. वर्गात मागच्या बाकावर कुणी जांभई दिली की तो असाच चढत असे. "मॅडम, जवळून हिचा काही उपयोग नाही! तुमच्या रायफलीत दारू नळीत जळते. गोळी सगळा वेग नळीतच घेते आणि तोंडातून बाहेर पडते तेव्हाच सगळ्यात जोरात असते. तिथून पुढे ती फक्त दमत जाते. हिच्या गोळीचं जळण गोळीच्याच पोटात. ती नळीतून निघते तेव्हा नुकती जागी झालेली असते. जोर येतो तो वाटेत. साठच्या दशकात अमेरिकेत असली पिस्तुलं खरोखर निघाली होती. हातभर अंतरावर गोळीत दमच नसे. चालली नाहीत ती."

"मग बाई, तुम्ही असली बंदूक लिहिलीत कशाला?"

"कारण चंद्रावर अंतराला तोटा नव्हता," बाई म्हणाल्या. "तुमचं कपाट मी हिशेबात धरलं नव्हतं."

कपाटातून आवाज आला, "बाई, रागावू नका. रागानं आपला रक्तदाब वाढतो."

"तू गप्प बस गं. रांगेत उभं राहायला कुणी सांगितलं होतं?"

"फलकावर 'सर्व' असं लिहिलं होतं," उल्का म्हणाली.

घोगळे मॅडमनी पुन्हा पानाकडे पाहिलं. एवढ्या बोलण्यात लोहकाय उताराला लागला होता. त्यांनी टोपी घातली. "वरिष्ठांचं मी बघते. आज दुपारी चांदमारीवर या. आणि त्या बाबलीला त्याची बंदूक घेऊन बोलवा."

"चांदमारी," कपाटातून उल्का हलक्या आवाजात म्हणाली. "किती सुंदर शब्द." तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

पोलिसांची चांदमारी गावाबाहेर, जांभ्याची जुनी खाण संपते तिथे आहे. खाणीच्या तांबड्या भिंतीसमोर लाकडी फळी, फळीवर काळं वर्तुळ. गोळीबाराच्या सरावाच्या जागेला चांदमारी का म्हणतात, हे तिथे नेम धरणाऱ्या एकाही शिपायानं आजवर विचारलेलं नाही. त्या दिवशी शुद्ध अष्टमी होती. ऊन असतानाच पूर्वेला अर्धा चंद्र वर आला होता, फिकट, निळ्यात भिजल्यासारखा.

पहिली पाळी बाबलीची. त्यानं नळीत दारू ओतली, चिंधी कोंबली, छरे सोडले, पुन्हा चिंधी कोंबली आणि गजानं ठासठास ठासलं. मग बार झाला. खाणभर धूर. धूर विरला तेव्हा फळीचा एक कोपरा गेला होता आणि बाबली खांदा चोळत होता.

"आज्याचो हात आसा ह्यो," तो अभिमानानं म्हणाला.

मग घोगळे मॅडमनी स्वतः रायफल झाडली. खांद्याला झटका बसला, आवाज भिंतीवर आपटला, आणि वर्तुळाच्या मधोमध भोक दिसलं. गोळी कुणाला दिसली नाही. खऱ्या बंदुकीची गोळी दिसायची नसतेच. दिसतं ते भोक.

"आता ही," मॅडम म्हणाल्या.

उल्का पुढे आली. हातात घेतल्यावर ती पत्र्याच्या डब्याइतकी हलकी लागली, कारण तिच्या नळीला स्फोट सोसायचा नसतो. तिची पाठही उघडी होती. धूर तिथूनच जातो. बाईंनी तिला धरलं तेव्हा तिनं आपलं तोंड थोडं वर उचललं.

"खाली, खाली धर गं," बाई पुटपुटल्या.

"नेम मला ठाऊक आहे," उल्का म्हणाली.

बाईंनी चाप ओढला. बार झाला नाही. चुलीवरच्या दुधानं कडेला सुस्कारा सोडावा तसा आवाज झाला. बाईंचा खांदा हलला नाही. नळीच्या तोंडाशी अंगठ्याएवढी जाड, पितळी गोळी दिसली, स्वतःभोवती गिरक्या घेत, आणि ती निवांत बाहेर आली.

बाबली तिच्या बाजूनं चालायला लागला. "गोळी आसा की पावणी गे ही?"

"बोट लावू नकोस!" बाई ओरडल्या.

चार पावलांवर बाबलीला चालता येईना, तो धावू लागला. गोळी खाली पडेल असं सगळ्यांना वाटत होतं, पण पोटातलं जळण तिला उचलून धरत होतं. तिच्या बुडाशी तिरप्या भोकांतून चार बारीक ज्वाळा निघत होत्या आणि त्याच तिला फिरवत होत्या. फळी आली. गोळी फळीवरून हातभर उंच गेली, खाणीची भिंत ओलांडली आणि आभाळाला लागली.

"निशाण चुकलं," घोगळे मॅडम म्हणाल्या.

"महोदया, आपण मला कुठे आणलंत?" उल्कानं विचारलं.

"चांदमारीवर."

"मग मी दुसरं काय मारणार?"

सगळ्यांनी वर पाहिलं. सुस्काऱ्याची शीळ झाली होती, शिळेची गर्जना झाली, आणि मग गोळी आपल्या आवाजाच्याही पुढे निघून गेली. निळ्यावर पांढरा धागा ओढला जात होता, सरळ, न थरथरता, आणि जितका दूर तितका वेगानं. ज्या अंतरावर रायफलीची गोळी थकून मातीत पडते, तिथे हिला खरी जाग आली होती. बाबलीनं डोक्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. घोगळे मॅडमचा हात आपोआप सलामीसाठी कपाळाशी गेला. तो खाली घ्यायचं त्यांना बराच वेळ सुचलं नाही. नोकरीत त्यांनी असंख्य गोळ्या झाडल्या होत्या. एकही अशी मोठी होत गेली नव्हती.

धागा अर्ध्या चंद्राच्या कडेला टेकला.

तेंडोलकर बाईंनी पुस्तक उघडलं आणि त्या मोठ्यानं वाचू लागल्या. लोहकाय मघाच्या समोर दहा पावलांवर होता. मघानं रिकामा हात खाली घेतला नव्हता. लोहकाय हसला आणि त्यानं पाऊल उचललं. तेवढ्यात मघाच्या डोक्यामागे, काळ्या आभाळात लटकलेल्या निळ्या पृथ्वीवरून, एक ठिणगी निघालेली त्याला दिसली. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे आवाज आला नाही. लोहकायाच्या छातीत आरपार भोक दिसलं. तो उभ्या उभ्या मागे कलला आणि दरीत गेला. चौकीतली माणसं झोपेतच कुशीवर वळली.

"मारल्यान!" बाबली ओरडला. "बाईंनू, मारल्यान!"

घोगळे मॅडमनी पुस्तक हातात घेऊन तो परिच्छेद पुन्हा तपासला. "निशाण लागलं," त्या म्हणाल्या. "हत्यार आहे. परवाना मघा, चंद्रावरची चौकी, या नावानं निघेल." मग त्यांनी हात पुढे केला. "पुंगळी द्या."

"कसली पुंगळी?" बाई म्हणाल्या.

"गोळी झाडली की रिकामी पुंगळी जमा करायची. माझ्या रायफलीची ही बघा. एक गोळी बाहेर, एक पुंगळी आत. त्याशिवाय बंदूक सोडता येत नाही."

"हिच्यात पुंगळी मागे राहत नाही, मॅडम! जे काही आहे ते सगळंच्या सगळं उडून जातं. हाच तर फरक आहे दोघींत!"

"फरक मला मान्य आहे. पुंगळी पाहिजे."

बाईंचा चेहरा लाल झाला. त्या आता काहीतरी भयंकर बोलणार, एवढ्यात मॅडमनीच पुस्तकाकडे पाहून बोट वर केलं. पानाच्या तळाशी, आधी कोरी असलेल्या जागेत, एक ओळ आली होती. मघानं वाकून मातीतलं रिकामं, कोमट पितळ उचललं आणि खिशात टाकलं.

"म्हणजे पुंगळी पक्षकाराच्या ताब्यात आहे," घोगळे मॅडम म्हणाल्या. "उल्का, तू स्वतः जा आणि ती घेऊन ये."

"केव्हा परत येऊ, महोदया?"

मॅडमनी फिकट धाग्याकडे पाहिलं. तो आता वाऱ्यानं मोडायला लागला होता. "पुढच्या निवडणुकीला," त्या म्हणाल्या. "तेव्हा जमा व्हायला यायचंच आहे तुला."

उल्का पुस्तकात शिरली. पान किंचित जड झालं. बाईंनी ते मिटलं.

पुढच्या निवडणुकीला रांगेत बाबली दुसरा होता. त्याच्या पुढे उल्का उभी होती, दोन्ही पाय राखाडी धुळीनं माखलेले, नळीत जपून ठेवलेली पितळी पुंगळी. घोगळे मॅडमनी पुंगळी उलटी करून टेबलावर ठोकली, पडलेली धूळ फुंकरीनं बाजूला केली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. पुढचा."