आधी काच बघू

मानवजात आता आपल्या जन्मजात नशिबात हात घालून दुरुस्त्या करू लागली आहे. हे मला माझ्या मुलीच्या सुपारीत कळलं, नारळ हातात असताना.

ती सुपारी अडवणारे डॉक्टर तात्या म्हणजे आमचे बारामतीतले शेजारी, पॅथॉलॉजिस्ट. लग्न ठरवताना लोक पत्रिका मागतात, तात्या रक्त मागतात. कुणाची सोयरीक कानावर आली की "आधी काच बघू." काच म्हणजे रक्ताचा थेंब पसरून रंगवलेली काचपट्टी. हा माणूस पंगतीतसुद्धा शेजारच्याची खालची पापणी ओढून बघतो आणि मग भात कालवतो.

रेवतीचं माझ्या भाच्याशी ठरलं होतं. आमच्यात मामाची मुलगी करतात. सुपारी फुटणार, तोच तात्या उठले. "थांबा. दोघांच्याबी रक्तात थॅलेसीमियाचा दोष असला, तर लेकराला जन्मभर रक्त चढवावं लागायची भीती."

बहिणीनं हळदकुंकवाचं ताट खाली ठेवलं. माझ्या हातातला नारळ तसाच.

आधी सावरले अंथुर्ण्याचे दाजी, मुलाचे वडील. "अवो तात्या, आता जनुकं दुरुस्त करत्यात. मोबाईलवर बघितलंय मी. लगीन लावू, पोरगं झालं की घेऊ दुरुस्त करून!"

"दाजी, त्यो काय तुमचा ट्रॅक्टर हाय?" तात्या कडाडले. "पोराच्या पेशी काढायच्या, त्यातलं जनुक बदलायचं, जालीम औषधानं हाडातला मगज रिकामा करायचा, मग त्या पेशी परत भरायच्या. आन् जमलं का न्हाय, हे शेवटी माझ्यासारखाच कुणीतरी तपासत बसणार. त्यापरीस आजच हात पुढं करा!"

रेवतीनं आणि भाच्यानं हात पुढे केले. रक्ताच्या नळ्या हळदकुंकवाच्या ताटातून गेल्या.

रिपोर्ट आणायला मी तात्यांच्या लॅबमध्ये गेलो. दोष रेवतीत निघाला, भाच्यात नाही.

"बिनघोर लावा लगीन," तात्या म्हणाले. "तीनदा बघितलंय."

टेबलावर रबर लावलेल्या दोन जुन्या काचा होत्या. एकीवर तात्यांचं नाव, दुसरीवर 'शालन'.

"मामाची मुलगी," ते म्हणाले. "आमच्या दोघांतबी निघाला. मीच मोडलं. तिचं सोमेश्वरनगरला झालं. बरं हाय तिचं."

तात्यांचं झालं नाही, एवढं गल्लीला माहीत होतं.

"आता त्यो उपचार आलाय, म्हणून सकाळी पुन्यांदा बघितल्या."

"मग?"

"रंग उडालाय."