मैदानाकडं पाठ

बसाप्पा फुटबॉलच्या एकाही मॅचला चुकले नाहीत, आणि त्यांनी एकही गोल पाहिला नाही. ते मैदानाकडं पाठ करून बसत.

आता तुम्ही म्हणाल, माणूस वेडा असेल. मुळीच नाही. भुसाराच्या दुकानात त्यांना पसाभर ज्वारीलासुद्धा कुणी फसवलं नसेल. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्याला भला थोरला पटका, आणि प्रत्येक बाबतीत एकच शब्द, ‘व्यवहार’. कुणी रडत आलं तरी आधी म्हणायचे, “व्यवहार सांग, मग रड.”

शनिवारी भोंगा झाला की अर्धं सोलापूर गिरणीमागच्या काळ्या मातीच्या मैदानावर लोटायचं. साळी, कारकून, तांगेवाले, सगळे. तेलुगूत ओरडायचं, दखनीत शिव्या द्यायच्या आणि गोल झाला की कुणाच्याही गळ्यात पडायचं, अशी तिथली रीत. या गर्दीतून बसाप्पा आमच्या गल्लीतली पाचसहा पोरं घेऊन निघत, थेट आपल्या टीमच्या गोलामागं जात, घोंगडी अंथरत आणि गोलाकडं पाठ करून मांडी घालत. समोर त्यांना दिसायचं काय, तर एका टोकाला नुसता माळ, दुसऱ्या टोकाला गिरणीची चिमणी. हाफटाइमनंतर टीमनं बाजू बदलली की हेही घोंगडी उचलून पलीकडच्या गोलामागं.

कारण गोलकीपर मल्लू हा त्यांचा धाकटा भाऊ होता, आणि मल्लूचं तोंड बघायचं नाही अशी त्यांनी शपथ घेतली होती.

आईबाप साथीत गेले तेव्हा मल्लू अगदी लहान. बसाप्पांनीच त्याला वाढवलं, तराजू धरायला शिकवलं. आणि हा पठ्ठ्या ऐन बाजाराच्या दिवशी दुकान उघडं टाकून फुटबॉल खेळायला पळाला. वर गिरणीनं खेळाच्या जोरावर त्याला नोकरीही दिली. चामड्याच्या गोळ्याला लाथा मारायचा पगार! बसाप्पांचं डोकं फिरलं. ‘आजपासनं तुझं तोंड बघणार न्हाय’ असं ते बोलून गेले. घरात बोलले असते तर संध्याकाळच्या भाकरीला विसरलेही असते. पण बोलले ते सिद्धेश्वराच्या पायरीवर, हातात बेल घेऊन. मग काय, संपलंच की.

दोघं राहायचे एकाच घरात. मल्लू अंगणात येण्याआधी मोठ्यानं खाकरायचा. तो खाकरला की बसाप्पा पटक्याचं टोक ओढून नाकापर्यंत घ्यायचे, अगदी नव्या नवरीसारखे. आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. बोलायला बंदी नव्हती, पण तोंड न बघता बोलायचं कसं, म्हणून बोलणंही बंद पडलं. निरोप सगळे बसाप्पांच्या बायकोमार्फत, गौरक्कामार्फत. ती बिचारी दोन खोल्यांमध्ये हेलपाटे घालून दमायची. देवाला अभिषेक करा आणि मोकळे व्हा, असं ती म्हणाली तर बसाप्पा तिच्यावरच उखडले. देवाला दिलेला शब्द म्हणजे काय माप आहे, अंगठा घालून कमी करायला?

शब्द मोडायचा नव्हता, पण वाकवून बघायला हरकत नव्हती. एकदा मठातल्या स्वामींना त्यांनी विचारलं, आरशात दिसलं तर चालेल का? स्वामी म्हणाले, नाही. पाण्यात? नाही. मग टीमचा फोटो निघाला, त्यात मधोमध बॉल घेऊन मल्लू. बसाप्पांनी एक प्रत मिळवली आणि दुकानात गल्ल्यावर टांगली, भिंतीकडं तोंड करून. रोज त्या उलट्या तसबिरीला एक फूल. गिऱ्हाईक विचारायचं, हा कुठला देव? बसाप्पा म्हणायचे, आमचा धाकटा.

मॅचमध्ये त्यांचे डोळे म्हणजे मी. मी त्यांच्या शेजारी मैदानाकडं तोंड करून बसायचो आणि चाललेलं सगळं सांगायचो. पण माझं रक्त तापलं की माझ्या तोंडून नुसतं ‘अरे अरे अरे’ निघायचं, आणि बसाप्पा भडकायचे. “अरे अरे काय? बॉल कुटं हाय, आमचा गडी कुटं हाय, व्यवहार सांग की.” मी सांगितलं की ते चिमणीकडं बघत हुकूम सोडायचे, ‘डावीकडं सरक म्हणावं त्याला.’ मल्लू असायचा चार हातांवर. त्याला अक्षर न् अक्षर ऐकू जायचं. पण तो हलायचा नाही. मी तेच पुन्हा ओरडून सांगितलं की मगच सरकायचा. या उपचारात एकदोन गोल सहज झाले. गर्दी मला शिव्या द्यायची.

एकदा बॉल येऊन बसाप्पांच्या डोक्यात बसला, पटका शेंगावाल्याच्या पाटीत गेला. गडी मान वळवेल तर शप्पथ. पटका गुंडाळता गुंडाळता विचारतात, “त्यानं अडवला का बाहेरनं गेला?”

असं तीन वर्षं चाललं. मग एका शनिवारी गोऱ्या सोल्जरांची टीम आली. त्यांच्या पायांत हे एवढाले बूट, आमचे गडी अनवाणी. हाफटाइमपर्यंत गोल नाही. मैदान नुसतं पेटलं होतं. शेवटी शेवटी एक ताडमाड गोरा बॉल घेऊन एकटाच सुटला. मी नीट सगळा व्यवहार सांगत होतो. आला, आणखी आत आला, मल्लूअण्णा पुढं धावला, पायात झेपावला...

बूट मल्लूच्या नडगीवर बसला. तो आवाज बसाप्पांनाही ऐकू गेला असणार, कारण त्यांच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या.

“गोल झाला का?” त्यांनी विचारलं.

मी टाचा उंचावून मल्लूअण्णाच्या पायाकडं बघत होतो.

“बोल की रे, पोरा.”

“बॉल मल्लूअण्णाच्या हातात हाय,” मी म्हणालो, “पण पाय मोडलाय.”

बसाप्पा उठले. आणि तसेच, चिमणीकडं तोंड ठेवून, उलटे मागं मागं चालायला लागले. लोक आधी खो खो हसले. मी त्यांचं धोतर धरून वाट दाखवत होतो. गोलाच्या खांबाला ते धडकले तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. मल्लूपाशी येऊन ते खाली बसले, पाठ त्याच्याकडं करून, आणि हात मागं नेऊन चाचपू लागले. खांदा लागला, कान लागला, केस लागले. ते केसांतून हात फिरवत राहिले.

“तम्मा,” ते म्हणाले. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. “पाठीवर ये.”

लोकांनी तांगा आणला होता. बसाप्पांनी नको म्हटलं. तांग्यात मोडका पाय सांभाळत बसायचं, तर तोंड दिसणारच. मग मैदानाच्या कोपऱ्यातल्या निशाणाची काठी पायाला बांधून चौघांनी मल्लूला त्यांच्या पाठीवर चढवलं आणि एवढा दांडगा गोलकीपर पाठुंगळीला घेऊन बसाप्पा पेठेतून निघाले. मागं आम्ही पोरं घोंगडी घेऊन.

वाटभर ते बोलत होते. तीन वर्षांचं सगळं एकदम. ज्वारीचा भाव, गौरक्काचा गुडघा, दुकानात घुसलेली घूस. मागच्या मॅचला पाय आधी का टाकलास म्हणून त्याला झापलंसुद्धा. मल्लूनं हनुवटी त्यांच्या खांद्यावर टेकवली होती. कळ आली की दात आवळायचा, आणि सारखं ‘व्हय अण्णा, व्हय अण्णा’ चाललेलं. दोघंही रडत होते.

घरी हाडवैद्य येऊन बसला होता. गौरक्कानं अंथरूण घातलं आणि म्हणाली, ठेवा त्याला खाली. बसाप्पा उंबऱ्याशी थांबले. घामानं अंगरखा चिंब भिजलेला.

“अहो, उतरवा की त्याला,” ती पुन्हा म्हणाली.

“उतरवतो,” बसाप्पा म्हणाले. “अजून जरा बोलू दे.”