करदोडा ढिला हाय का आवळ?

घाटनांदुरात कुणी भेटलं की लोक राम राम म्हणतात. दगडूनाना म्हणतात, "करदोडा ढिला हाय का आवळ?" आणि उत्तराची वाट न बघता समोरच्याच्या कमरेच्या त्या काळ्या दोऱ्यात बोट घालून बघतात. माझ्या खताच्या दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, त्यांनी माझाही करदोडा तपासला. बोट काही आत गेलं नाही. "शेठ, उद्यापासून फिरायला," एवढंच बोलले.

झालं होतं असं, की उपकेंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी गावात आरोग्य गट काढला. रोज सकाळी चालायचं, गोड-तळलेलं कमी करायचं, भाजी जास्त खायची. गटाला न विचारता नाना पुढारी झाले. "पोट, बीपी, साखर आन् चरबी, हे सोयरे हाईत," ते सांगायचे. "एक मुक्कामाला आला की बाकीचे बी गाठोडं घेऊन येतेत."

या सोयऱ्यांना हाकलायचा त्यांचा खाक्या भयंकर. लग्नात जिलेबीच्या कढईशेजारी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसायचे. नवरदेवाच्या बापालाही त्यांनी सोडलं नाही. चालताना तर कुणाला टेकू द्यायचे नाहीत. "बसला तो फसला!" पाणीसुद्धा चालता चालता प्यायचं. माझी रोज वाट लागायची.

आणि रस्ता कुठला? चांगली डांबरी सडक सोडून हा माणूस आम्हाला बाभळीच्या काट्यांतून मळ्याकडं न्यायचा. मळ्यात त्यांचा धाकटा भाऊ भगवान राहतो. बांधावरून भांडण झालं तेव्हापासून दोघांची बोलचाल बंद. भगवानला साखर निघालेली, बीपीही, आणि पोट म्हणाल तर सदऱ्याची बटणं लागत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी कितीदा बोलावलं, पण भाऊ ज्या गटात, त्या गटात हा कसला येतोय!

तो ओसरीवर चहा पीत बसलेला दिसला की नानांचा आवाज चढायचा. तोंड मात्र माझ्याकडं. "शेठ, चहात किती साखर घालता? का म्हून जिवावर उठलाव सोताच्या? मागं लेकरंबाळं हाईत का न्हाई?" लेकी बोले सुने लागे, हे मला कळत होतं. पण रोज लेक मीच का, हे विचारायची सोय नव्हती.

मग एक दिवस भगवानला चक्कर आली आणि त्याला अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तो घरी येईपर्यंत नानांनी कुणाच्याच करदोड्याला हात लावला नाही.

तो परतल्यावर काही दिवसांनी आम्ही मळ्यावरून पुढं निघालो, तर मागं चपला वाजल्या. भगवान! खाली मान घालून, अंतर राखून चालत होता. नानांनी वळून पाहिलं नाही, पण त्यांची चाल मंदावली. भगवानची धाप मला ऐकू येत होती, म्हणजे त्यांनाही येत असणार. लिंबाखाली आलो आणि नाना एकदम दगडावर बसले.

"नाना, बसला तो फसला!" मी संधी साधली.

"गप बसा शेठ. माजे गुडघे दुखायलेत."

सगळे बसले. भगवानही घाम पुसत बसला. धाप ओसरल्यावर म्हणाला, "कवापासून दुखायलेत, नाना?"

नाना गुडघे चोळायला लागले. भगवान सरकत सरकत त्यांच्या दगडाशी आला आणि सदरा जरा वर केला. "समद्यांचा बघता. माजाच बघायचा ऱ्हायला."

नानांनी बोट लावलं. ते आत गेलं नाही.

"लई आवळ हाय रे," ते म्हणाले. हात काढून घ्यायचं मात्र त्यांना सुचलं नाही.